विमानाची वाट वाकडी का? न्यूयॉर्क ते मुंबई अंतराचा आणि वेळेचा हिशेब

साताऱ्यात आमच्या गल्लीत राहणारे अण्णा एसटीत चालक होते आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी सातारा-मुंबई गाडी इतक्या वेळा चालवली, की कोणत्या वळणावर किती मिनिटे जातात हे त्यांना घड्याळ न पाहता सांगता येते. त्यांची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीत असते. मध्यंतरी ती नातवंडांना घेऊन येणार होती, तेव्हा विमान आकाशात कुठे आहे हे फोनवर दिसते असे कोणीतरी अण्णांना शिकवले आणि अण्णांनी ती रात्र फोनपुढे जागून काढली. सकाळी चहाच्या वेळी ते फोन घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "सर, तुम्ही भूगोल शिकवलाय म्हणून विचारतो. मुंबई नकाशावर खाली उजव्या हाताला आणि हे विमान वर बर्फाकडं निघालंय. वाट चुकलंय का?"

विमान वाट चुकलेले नव्हते. मात्र अण्णांचा प्रश्न अनेकांना पडतो आणि २०२५ सालापासून तो जास्तच पडू लागला आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, ३० एप्रिलला भारतानेही पाकिस्तानी विमानांना तशीच बंदी केली आणि त्यानंतर भारतीय कंपन्यांच्या युरोप-अमेरिकेच्या उड्डाणांचे वेळ वाढले. 'थेट' म्हणून विकलेली काही उड्डाणे मध्येच युरोपात इंधनासाठी उतरू लागली. एक देश बंद झाल्याने इतका फरक का पडावा, मुळात न्यूयॉर्क ते मुंबई अंतर किती धरायचे, आणि मुंबईहून जाताना सोळा तास लागतात तर येताना चौदा-साडेचौदा कसे पुरतात, हे समजून घ्यायचे तर सुरुवात नकाशापासून करावी लागते.

नकाशा सपाट, पृथ्वी गोल

संत्र्याची साल अखंड सोलून टेबलावर दाबून पसरण्याचा प्रयत्न केला, तर ती कुठे तरी फाटते किंवा ओढावी लागते. पृथ्वीचा गोल कागदावर उतरवताना नेमके हेच होते. शाळेच्या भिंतीवर असतो तो जगाचा नकाशा बहुतेक वेळा मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली बसवलेल्या पद्धतीचा किंवा तिच्या जवळचा असतो. तो जहाजांसाठी होता आणि त्यात दिशा अचूक राहाव्यात म्हणून उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे प्रदेश आडवे-उभे ताणलेले आहेत. त्यामुळे ग्रीनलँड त्या नकाशावर आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलँडच्या सुमारे चौदा पट मोठी आहे आणि आपला भारतसुद्धा ग्रीनलँडच्या दीडपट आहे. वर्षानुवर्षे हा नकाशा वर्गात टांगून मी मुलांना शिकवले आणि त्यातला हा घोळ दरवेळी सांगितलाच असे नाही, हे कबूल करायला हवे.

ज्या नकाशात क्षेत्रफळ इतके फसवते, त्यात पट्टी ठेवून काढलेली सरळ रेषाही फसवणारच. न्यूयॉर्क सुमारे ४१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मुंबई १९ अंशांवर. पट्टीने रेषा ओढली तर ती अटलांटिक ओलांडून मोरोक्को, अल्जीरिया, इजिप्त, सौदी अरेबिया अशी येते आणि तिची लांबी भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. आता कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढावा, लोकरीच्या दोऱ्याचे एक टोक न्यूयॉर्कवर आणि दुसरे मुंबईवर धरावे आणि दोरा ताणावा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो. तो न्यूफाउंडलंडजवळून आइसलँडच्या पूर्वेला ६४ अंशांच्याही वर चढतो, नॉर्वे, फिनलंड, रशिया करत मध्य आशियात उतरतो आणि अफगाणिस्तान-पाकिस्तानवरून मुंबईला येतो. या ताणलेल्या दोऱ्याची लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. म्हणजे जी वाट नकाशावर वाकडी दिसते, ती 'सरळ' दिसणाऱ्या वाटेपेक्षा जवळपास १,७०० किलोमीटरने जवळची आहे.

गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारे जे वर्तुळ त्या दोन शहरांमधून जाते, त्याचा तो तुकडा असतो. हा शब्द एकदा कळला की पुरे. यापुढे आपण त्याला दोऱ्याची वाटच म्हणू.

उत्तरेकडे गेल्याने अंतर वाचते कसे, हे साताऱ्याच्या माणसाला अजिंक्यताऱ्याकडे बोट दाखवून सांगता येते. किल्ल्याला पायथ्याने वळसा घालायचा तर बरीच चाल पडते, पण वर तटाच्या कडेने फिरले तर तोच वळसा पुष्कळ लहान होतो, कारण डोंगर वर निमुळता होत जातो. पृथ्वीही ध्रुवांकडे अशीच निमुळती होते. पूर्व-पश्चिम एक अंश सरकायला साताऱ्याच्या अक्षांशावर सुमारे १०६ किलोमीटर जावे लागते, ६० अंशांवर तेवढ्याच एका अंशाला ५५-५६ किलोमीटर पुरतात आणि ध्रुवावर तर सगळी रेखावृत्ते एकाच ठिपक्यात मिळतात. न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्यात जवळजवळ १४७ रेखांशांचा फरक आहे. एवढे अंश ओलांडायचे तर ते जिथे अरुंद आहेत तिथे ओलांडणे शहाणपणाचे. किल्ल्याच्या उदाहरणात एक उणेपण आहे, ते अण्णांनी लगेच दाखवले: "वर चढायला दम लागतो की." खरे आहे, पण पृथ्वीवर उत्तरेकडे जाणे म्हणजे चढ चढणे नव्हे. तिथे 'वर' हा शब्द फक्त नकाशा भिंतीला टांगल्यामुळे आलेला आहे.

तेच अंतर, मग वेळ वेगळा का?

लांब पल्ल्याचे प्रवासी विमान साधारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जाते. इतक्या उंचीवर हवा विरळ असते, जमिनीजवळच्या हवेच्या साधारण तिसरा हिस्सा दाट, म्हणून विमानाला होणारा विरोध कमी असतो आणि इंधन वाचते. १२,५०० ला ९०० ने भागले तर उत्तर येते चौदा तासांच्या थोडे आत. पण हे उत्तर ना जाणाऱ्याला लागू पडते ना येणाऱ्याला, कारण विमान जमिनीवरून धावत नाही, ते हवेतून जाते आणि हवा स्वतः वाहत असते.

आषाढात चाळकेवाडीच्या पठारावर कोणी सायकल चालवली असेल, तर त्याला हे वेगळे सांगायला नको. पश्चिमेकडे तोंड केले की वारा छातीवर येतो आणि पाय दुखेपर्यंत पॅडल मारूनही सायकल रांगतच राहते. तीच सायकल उलटी फिरवली की पॅडल न मारता पुढे पळते. सायकलस्वाराचा जोर दोन्हीकडे सारखाच, रस्ताही तोच. त्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. विमानाचे तसेच आहे. त्याचा हवेतला वेग जवळपास ठरलेला असतो. पाठीवर ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबात तो वेग १,००० होतो, आणि तोच वारा समोरून असेल तर ८०० उरतो.

आणि आकाशातला हा वारा किरकोळ नसतो. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातो. १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून हे वारे मोजले होते. निष्कर्ष जगभर वाचले जावेत म्हणून त्यांनी ते एस्पेरांतो या घडवलेल्या भाषेत छापले आणि त्यामुळेच ते फारसे कोणी वाचले नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना हा वारा अंगावर घेऊनच कळला.

या वाऱ्याची गंमत फेब्रुवारी २०२०मध्ये दिसली. अटलांटिकवर मोठे वादळ होते, जेट प्रवाह चढलेला होता आणि ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग एका टप्प्यावर ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. हा आकडा आवाजाच्या वेगापेक्षा मोठा दिसतो, तरी विमानाने आवाजाची मर्यादा ओलांडली नाही, कारण आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने चालले होते. पुरात वाहणाऱ्या ओंडक्याला स्वतःचे पोहणे नसते, तसेच काहीसे.

जाताना तोटा, येताना फायदा, मग फिटंफाट नाही का?

हा प्रश्न बरोबर वाटतो आणि त्याचे उत्तर नाही असे आहे. मुंबई ते लंडन दोऱ्याच्या वाटेने सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. वारा पडलेला असेल तर ९०० च्या वेगाने जायला आठ तास, यायला आठ, एकूण सोळा. आता समोरून १०० चा वारा धरला तर जायला नऊ तास लागतात, आणि येताना तोच वारा पाठीशी असल्याने सात तास बारा मिनिटे. बेरीज सोळा तास बारा मिनिटे झाली. बारा मिनिटे गेली कुठे? विमान विरुद्ध वाऱ्यात जास्त वेळ अडकून राहिले आणि अनुकूल वाऱ्यात कमी वेळ राहिले. तोटा नऊ तास चालला, फायदा सातच तास. कृष्णेत प्रवाहाविरुद्ध पोहून परत येणाऱ्या पोराला हे गणित खांद्यात कळते.

म्हणून विमान कंपन्या रोजच्या रोज वारा पाहून वाट ठरवतात. युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यामधल्या अटलांटिकवर तर विमानांसाठी समांतर हवाई मार्ग दररोज नव्याने आखले जातात: पूर्वेकडे जाणाऱ्यांना जेट प्रवाहात आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना त्यातून दूर. पुण्याहून साताऱ्याला येताना घाट चढायचा आणि साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगद्यातून जायचे, ही खंबाटकीची वर्षानुवर्षांची व्यवस्था अण्णांच्या अंगवळणी पडलेली होती. त्यामुळे जायची आणि यायची वाट वेगळी असू शकते, हे त्यांना चटकन पटले.

पृथ्वी फिरते, मग वर थांबून का राहू नये?

माझ्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न दर वर्षी एका तरी विद्यार्थ्याने विचारला आणि तो विचारणारा विद्यार्थी सहसा हुशार असे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर तिचा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आणि साताऱ्याच्या अक्षांशावर सुमारे १,५९० किलोमीटर भरतो. मग हेलिकॉप्टर वर नेऊन तास-दोन तास थांबवले, तर खालून मुंबई सरकून जाईल आणि अरबी समुद्र गाठता येईल. पश्चिमेला जाणारी विमाने तर झटपट पोहोचायला हवीत. प्रत्यक्षात उलट होते.

उत्तर एसटीतच आहे. धावत्या गाडीत अण्णांचा वाहक शेंगदाणा वर उडवून तोंडात झेलत असे. गाडी ताशी साठ किलोमीटरने पुढे जात असते, शेंगदाणा अर्धा सेकंद हवेत असतो, तरी तो मागच्या बाकावरच्या प्रवाशाच्या मांडीवर पडत नाही. कारण उडवण्याआधीच तो गाडीच्या वेगाने चाललेला असतो आणि गाडीतली हवाही गाडीबरोबर चाललेली असते. पृथ्वी ही अशीच गाडी आहे. साताऱ्यातली जमीन, वरची हवा, हेलिकॉप्टर आणि आतला माणूस, सगळे एकत्रच फिरत असतात.

तरीही पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवासाच्या वेळेशी संबंधच नाही, असे म्हणता येत नाही. विषुववृत्ताजवळची हवा तापते आणि ध्रुवांकडे सरकू लागते. ती निघते तेव्हा तिच्याकडे तिथला मोठा, पूर्वेकडचा वेग असतो. जिथे पोहोचते तिथली जमीन मात्र हळू फिरत असते. परिणामी ती हवा पूर्वेकडे पुढे पळू लागते. तापमानातला फरक आणि पृथ्वीचे फिरणे या दोन्हींतून जेट प्रवाह तयार होतो. थोडक्यात, पृथ्वी विमानाच्या खालून निसटत नाही, पण जो वारा विमानाला ढकलतो किंवा अडवतो त्याच्यामागे तिचेच फिरणे असते.

लांबच्या वाटेने लवकर पोहोचलेले विमान

एअर इंडियाने डिसेंबर २०१५मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट उड्डाण सुरू केले, तेव्हा विमान पश्चिमेकडे, युरोप आणि अटलांटिक ओलांडून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली आणि विमान पूर्वेकडे, प्रशांत महासागरावरून नेले. नवी वाट सुमारे १५,३०० किलोमीटर भरली, म्हणजे तब्बल १,४०० किलोमीटर जास्त. तरी प्रवास जवळजवळ दोन तासांनी कमी झाला, कारण पूर्वी वारा समोरून येत होता तो आता पाठीमागून मिळू लागला. २०१७मध्ये याच मार्गावर सर्व महिला कर्मचाऱ्यांनी नेलेले विमान जाताना प्रशांतवरून गेले, येताना अटलांटिकवरून आले, आणि त्यामुळे पृथ्वीप्रदक्षिणा घालूनच दिल्लीला उतरले.

दोन शहरांमध्ये किलोमीटर किती आहेत, एवढ्यावरून प्रवासाचा वेळ सांगता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या पाठीमागे आहे, दोन्ही बाजूंनी अंतर मोठेच पडते. अशा वेळी वारा कुठे वाहतो यावर निर्णय होतो.

आकाशालाही बांध असतात

आतापर्यंत आपण गोल आणि वारा पाहिला. तिसरी गोष्ट माणसाने केलेली आहे. १९४४च्या शिकागो कराराप्रमाणे प्रत्येक देशाची त्याच्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण मालकी असते. दुसऱ्याच्या शेतातून बैलगाडी न्यायची तर त्याची परवानगी लागते. आकाशाचेही तसेच आहे आणि बहुतेक देश वरून जाणाऱ्या विमानांकडून शुल्कही घेतात. बांध बंद झाला की वळसा पडतो.

मुंबईकरांना पाकिस्तानशी काय देणेघेणे, तो तर दिल्लीच्या वाटेवर येतो, असे एकाने मला सांगितले. दोरा धरून पाहिले तर मुंबई-लंडन ही जवळची वाट जवळजवळ कराचीवरूनच जाते. तरी मुंबईच्या विमानाला अरबी समुद्रावरून थोडे पश्चिमेला सरकून आखातमार्गे जाता येते, म्हणून त्याचा वळसा तुलनेने कमी. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी दक्षिणेला गुजरातकडे उतरून मग पश्चिमेला वळावे लागते. मग उत्तरेकडून का जात नाहीत? तिकडे हिमालय आणि तिबेटचे पठार आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला ताबडतोब दहा हजार फुटांच्या आसपास उतरावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून खाली पडणाऱ्या मास्कमधला प्राणवायू साधारण बारा ते पंधरा मिनिटेच पुरतो. तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी ४,५०० मीटरहून उंच, म्हणजे सुमारे पंधरा हजार फूट आहे. तिथे दहा हजार फुटांवर उतरायचे कुठे?

असे आधीही घडले आहे. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलै २०१९पर्यंत पाकिस्तानचे आकाश असेच बंद होते. २०२२मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाने युरोपीय आणि अमेरिकन कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा सर्वांत जास्त फटका फिनलंडच्या फिनएअरला बसला. हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला. भारतीय कंपन्यांना रशियाने अडवलेले नाही आणि परदेशी कंपन्यांना पाकिस्तानने अडवलेले नाही. त्यामुळे एकाच विमानतळावरून एकाच शहराला जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या विमानांच्या वाटा आणि वेळ आज वेगळे असू शकतात. तिकीट काढताना हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तासाभराच्या वळशाने मध्ये उतरावे का लागते?

तासभर उशीर झाला तर झाला, त्यासाठी व्हिएन्नाला किंवा कोपनहेगनला उतरून इंधन कशाला भरायचे, ही शंका अगदी रास्त आहे. जास्त इंधन घेऊनच निघावे, असे कोणालाही वाटेल.

अडचण इंधनाच्या वजनाची आहे. अतिलांब पल्ल्याच्या बोइंग ७७७-२००एलआर विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते, म्हणजे जवळजवळ १४५ टन, आणि भरलेल्या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ३४७ टन असते. वजनातला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा निव्वळ इंधनाचा. शेवटच्या तासाचे इंधन पहिले पंधरा तास नुसते वाहून न्यावे लागते आणि ते वाहण्यासाठीही इंधन जळते. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल वाढवले म्हणून ट्रॉलीतला ऊस कमी करावा लागत नाही. विमानात मात्र ठरलेल्या कमाल वजनापलीकडे जाता येत नाही, म्हणून इंधन वाढले की प्रवासी किंवा माल उतरवावा लागतो. पन्नास-साठ खुर्च्या रिकाम्या ठेवण्यापेक्षा वाटेत उतरून टाकी भरणे परवडते. फक्त ते उतरणे, भरणे आणि पुन्हा चढणे यात दीड-दोन तास जातात आणि मूळ तासाभराच्या वळशाचे तीन तास होतात.

मग सरळ उत्तर ध्रुवावरूनच का नाही?

जातातही. जानेवारी २०२१मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बेंगळुरूला आणले. या दोन शहरांमधले दोऱ्याच्या वाटेचे अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे. पण ध्रुवाची वाट रोजची नाही. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले, तर उरलेल्या एकावर ठरावीक वेळेत कोणता तरी विमानतळ गाठता आला पाहिजे असा नियम आहे. ही मुदत विमानाच्या जातीप्रमाणे आणि मिळालेल्या परवानगीप्रमाणे बदलते, आणि ध्रुवाजवळ विमानतळ मोजकेच आहेत. दुसरे म्हणजे थंडी. विमानाचे नेहमीचे इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागते आणि बाहेरचे तापमान उणे ६० च्याही खाली जाऊ शकते. इंधन लगेच तेवढे थंड होत नाही, पण वैमानिकाला त्याच्या तापमानावर डोळा ठेवावा लागतो आणि गरज पडली तर खालच्या, उबदार हवेत उतरावे लागते. होकायंत्रही तिथे भरवशाचे राहत नाही.

तिकिटावरचे घड्याळ

तिकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात आणि दोन्ही त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात. त्यांची नुसती वजाबाकी केली की घोळ होतो. आपले घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे, हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास, कारण अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा मागे आणतात. आपल्याकडे ही पद्धत नसल्याने फोन कधी करायचा याचा अंदाज वर्षातून दोनदा चुकतो.

दिल्लीहून पहाटे चार वाजता प्रशांतच्या वाटेने निघालेले विमान साडेपंधरा तास उडाले, तर सॅन फ्रान्सिस्कोला उन्हाळ्यात त्याच तारखेला सकाळी सात वाजता उतरते. कागदावर प्रवास तीन तासांचा दिसतो. वाटेत विमान आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडते आणि एक पूर्ण दिवस परत मिळतो.

आणखी एक बारकावा असा, की छापलेला वेळ हा नुसत्या उडण्याचा नसतो. विमान दारापासून हलते तिथपासून पलीकडच्या दाराशी थांबते तिथपर्यंतचा तो वेळ आहे. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या आणि थोडी मोकळी जागाही धरलेली असते. एसटीच्या वेळापत्रकात चहाची वीस मिनिटे धरलेली असतात तशी. त्यामुळे अर्धा तास उशिरा सुटलेले विमान वेळेवर पोहोचल्याचे पाहून वैमानिकाने वेग वाढवला असे समजू नये. वेग फारसा वाढवताही येत नाही, कारण आवाजाच्या वेगाजवळ गेले की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन पाण्यासारखे जाते. कॉन्कॉर्ड विमान ती मर्यादा ओलांडून लंडन-न्यूयॉर्क साडेतीन तासांत करत असे. १९७६ ते २००३ अशी सत्तावीस वर्षे ते चालले आणि तो खर्च न परवडल्याने बंद झाले.

मुलगी परत जायची होती त्या आठवड्यात अण्णा पुन्हा आले, या वेळी कॅलेंडर गुंडाळून घेऊन. विमान मुंबईहून रात्री दीडला सुटणार होते, जाताना वारा समोरून म्हणून त्यांनी सोळा तास धरले होते आणि तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिले होते: 'आपली संध्याकाळ साडेपाच, त्यांची सकाळ आठ.' हिशेब बरोबर होता. मग त्यांनी माझ्या पृथ्वीगोलावर दोरा एकदा ताणून पाहिला, पाकिस्तानावर आल्यावर तो बोटाने जरा बाजूला सरकवला आणि दोरा किती आखूड पडतो ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.